रिकाम्या खोलीतला पंखा

अण्णांनी आयुष्यात मला दोनदाच मारलं आणि दोन्ही वेळा कारण पंखा होता. खोलीतून बाहेर पडताना मी तो बंद केला नव्हता. "मी लगेच परत येणार होतो" हा माझा बचाव त्या कोर्टात टिकला नाही. "तू येईपर्यंत तो कोणाला वारा घालत होता? भिंतीवरच्या आजोबांना?" असा सवाल करून अण्णांनी निकाल दिला आणि अंमलबजावणीही तिथल्या तिथे केली. आज ते ८४ वर्षांचे आहेत. हात उचलत नाहीत. पण कुठल्याही खोलीतून निघताना उंबऱ्यावर क्षणभर थबकतात, मान वर करून छताकडे बघतात आणि मगच पुढचं पाऊल टाकतात. पाहुण्यांना वाटतं, देवाचं नाव घेतायत.

अशा माणसाने चाळीस वर्षं एक पंखा रिकाम्या खोलीत फिरता ठेवला होता आणि हे त्यांना परवापरवापर्यंत ठाऊक नव्हतं. तो पंखा आमच्या गाडीच्या बॉनेटखाली होता.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९७८ची. अण्णांनी ती १९८४ साली एका डॉक्टरांकडून घेतली. 'डॉक्टरांची गाडी' हे तेव्हा प्रमाणपत्र होतं. डॉक्टर गाडी हळू चालवतात, वेळच्या वेळी तेल बदलतात आणि व्हिजिटपलीकडे कुठे नेत नाहीत, असा सार्वत्रिक समज होता. मुळात ही इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून 'डिलाइट' झाली, १९७२ साली 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ साली 'पद्मिनी'. सासरी नाव बदलावं तशी नावं बदलली, माणूस तोच. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि पुढे एकसंध बाकडं, ज्यावर तीन माणसं आणि मांडीवर एक पोर ही अधिकृत क्षमता मानली जाई. मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा अण्णांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली, चष्मा काढला, आणि खाली जाऊन आमच्या गाडीचं कव्हर नीट बसलंय का ते बघून आले.

आता पंखा. इंजिनाच्या पुढच्या बाजूला एक पुली असते. तिच्यावरून एक रबरी पट्टा जातो, तो डायनॅमो फिरवतो आणि वॉटर पंप फिरवतो. त्या वॉटर पंपाच्याच दांड्यावर पंखा बसवलेला. म्हणजे इंजिन फिरलं की पंखा फिरणार. त्यात चर्चेला वावच नाही. जानेवारीच्या पहाटे इंजिन थंडीने कुडकुडतंय, त्याला ऊब हवीय, तरी हा त्याला वारा घालणार. आणि खरी गंमत पुढे आहे. सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा बाहेरचा वारा शून्य, रेडिएटरला पंख्याची सगळ्यात जास्त गरज. पण इंजिन मंद चालतंय म्हणून पंखाही जांभया देत फिरतो. उलट हायवेला गाडी ८० ने निघाली की समोरून वाराच इतका येतो की पंखा काढून पिशवीत ठेवला तरी चालेल. पण इंजिन जोरात म्हणून हाही जिवाच्या आकांताने गरगरतो. लग्नघरात असा एक मामा असतो. पंगत बसलेली असताना मांडवाबाहेर पान जमवत असतो आणि शेवटचा माणूस हात धुवायला उठला की कमरेला पंचा कसून, जिलबीचं ताट घेऊन धावत सुटतो.

बरं, हा मामा फुकट धावत नाही. पंख्याचा हिशेब जालीम असतो. वेग दुप्पट झाला की त्याला फिरवायला लागणारी ताकद दुप्पट नव्हे, आठपट होते. ती ताकद इंजिनाकडून, म्हणजे पेट्रोलकडून, म्हणजे अण्णांच्या खिशातून येते.

पण हे सगळं कळायला चाळीस वर्षं लागली, कारण तोपर्यंत गाडी तापणं ही तक्रारच नव्हती. तो प्रवासाचा भाग होता. मुंबईला आत्याकडे जायचं आणि परत येताना बोरघाट चढायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोपोली सोडली की सगळ्यांची तोंडं बंद होत आणि सहा डोळे बॉनेटवर लागत. घाटाच्या कडेला ओळीने गाड्या उभ्या दिसत. अँबॅसिडर, फियाट, जीप, मालट्रक; त्यात जातिभेद नव्हता. सगळ्यांची बॉनेटं वर, सगळ्यांच्या तोंडातून वाफ, आणि प्रत्येकीशेजारी एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून अनोळखी गृहस्थाला मोलाचा सल्ला देतोय. घरात प्रत्येकाला काम नेमलेलं होतं. माझ्याकडे मागच्या चाकाला दगड लावायचं खातं. गाडी थांबायच्या आत दार उघडून उडी मारायची आणि मनाजोगता दगड शोधून चाकामागे सरकवायचा. मनाजोगता दगड आदल्या गाडीवाल्याने तिथेच टाकलेला असे. ताईकडे डालडाच्या डब्यातलं पाणी. आईकडे काळजी.

अण्णा टॉवेलची चौपदरी घडी करत आणि रेडिएटरच्या टोपणाकडे बघत उभे राहत. घाई करायची नाही, हे त्यांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण बरोबर शिकवलं होतं. ते टोपण आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवतं आणि दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या पुढे गेलं तरी उकळत नाही. टोपण उघडलं की दाब जातो आणि मुकाट बसलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊन उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. म्हणून पंधरा मिनिटं थांबायचं, मग पाव फेरा, एक लांब सुस्कारा, आणि मग उरलेला फेरा. सुस्कारा आधी गाडीचा, मागोमाग आईचा.

बरोबर वेळ साधली तर हा थांबा शिंग्रोबाच्या देवळापाशी पडे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, अशी कथा. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांतून त्याला नाणी पडत. अण्णा एरवी नवसबिवस न मानणारे, पण शिंग्रोबाला चार आणे ठेवून पाच मिनिटं हात जोडून उभे राहत. तेवढ्यात इंजिन निवे. त्या भक्तीतला निम्मा वाटा रेडिएटरचा होता, असं माझं मत आहे. अण्णांना ते मान्य नाही.

पुढे एक्स्प्रेस-वे झाला, आत्या पुण्यालाच राहायला आली आणि घाट सुटला. पण घाट काही जागच्या जागी बसणारा नव्हता. तो आमच्यामागोमाग शहरात आला. गेल्या वर्षी चैत्रात सिंहगड रस्त्यावर आम्ही पाऊण तासात दीड किलोमीटर गेलो आणि कुठलाही चढ नसताना गाडीने बॉनेटच्या फटीतून वाफ सोडली. अण्णा शेजारी बसले होते. सवयीने मागे वळून म्हणाले, "दगड लाव." मागच्या सीटवर माझी मुलगी होती. तिने कानातलं काढून विचारलं, "काय लावू आजोबा? गाणं?"

आमचे मिस्त्री नाना पेठेच्या मागच्या बोळात बसतात. जुन्या गाड्या करणारे आता उरलेत किती? त्यांच्याकडे गाडी न्यायची म्हणजे वधूपिता होऊन जावं लागतं. त्यांनी इंजिन चालू करून कान लावला, टोपण उघडून आत बोट घातलं, बोट अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाले, "काका, पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं," अण्णा म्हणाले. "चांगलं गोड पाणी आहे."

"गोड असंल. पण गाडीला मुतखडा झालाय."

रेडिएटर उतरवून रॉडिंगला दिला. रेडिएटरवाल्याने नळ्यांतून पट्ट्या फिरवल्या तेव्हा पांढरी चुनखडी पडली, ती त्याने वर्तमानपत्रावर जमवून आम्हाला दाखवली, ऑपरेशननंतर डॉक्टर बाटलीत खडा दाखवतात तशी. पण मिस्त्री म्हणाले की रेडिएटर साफ होईल तेवढ्याने भागणार नाही, रोज सिग्नलला उभं राहायचं असेल तर इलेक्ट्रिक फॅन टाका. मारुतीचा बसतो. वॉटर पंपावरचा पंखा काढायचा, पट्टा तसाच ठेवायचा.

अण्णांना हे मुळीच पटलं नाही. गाडीला जो अवयव जन्मतः आहे तो काढायचा नाही, अशी त्यांची भूमिका. त्यांनी अपेंडिक्ससुद्धा अजून काढलेलं नाही. त्यातून मारुतीचा पंखा! १९८३च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हापासून अण्णांचं तिच्याशी वाकडं आहे. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे पुलीचं तोंड चाकाकडे. पट्ट्यावरचा पंखा रेडिएटरसमोर आणणार कसा? म्हणून तिला पहिल्यापासून विजेचा पंखा. अण्णांच्या लेखी ही सोय नव्हती, पळवाट होती.

मिस्त्री वाद घालणारे नव्हेत. ते हात पुसत म्हणाले, "काका, आत्ताचा पंखा म्हणजे कसं आहे, खोलीत माणूस असो नसो, चालूच. नवा लावला की खोली तापल्यावर चालू, गार झाली की बंद."

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे आत्तापर्यंत हा सारखा चालू होता?"

"इंजिन चालू तंवर."

"हायवेलासुद्धा? रात्रीसुद्धा? डिसेंबरात महाबळेश्वरला गेलो तेव्हासुद्धा?"

मी गप्प बसलो. एका माणसाच्या डोळ्यांसमोरून चाळीस वर्षांचं पेट्रोल वाहून जात असताना मुलाने मध्ये बोलू नये.

"टाका," अण्णा म्हणाले.

'टाका' म्हणणं सोपं असतं. पंखा नाना पेठेतच मिळाला, मोटर आणि कवचासकट, हाताला हलका, रंगाने काळा. पण तो घेऊन आल्यावर ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "डायनॅमो अजून ओरिजिनल?" आम्ही अभिमानाने हो म्हटलं. हा प्रश्न अभिमानाचा नव्हता. डायनॅमोचा स्वभाव असा की इंजिन मंद चाललं की तो वीज जवळपास देतच नाही. म्हणून तर सिग्नलला उभं राहिल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणतो. आणि पंख्याला वीज नेमकी सिग्नललाच लागणार. म्हणजे एका आळश्याच्या जागी दुसरा कामसू नेमला आणि त्याचा पगार तिसऱ्या आळश्याकडून द्यायचा ठरवला. मग डायनॅमो काढून ऑल्टरनेटर. ऑल्टरनेटर बसेना म्हणून लेथवाल्याकडून नवं ब्रॅकेट. ब्रॅकेट झालं तर पट्टा आखूड. पंख्याच्या खर्चाबद्दल घरी सांगितलेला आकडा मी याच सुमारास सांगायचा बंद केला.

तारेचा प्रश्न अण्णांनीच काढला. घरातली पंख्याची तार बोटाएवढी जाड नसते, मग इथे का, असं त्यांचं म्हणणं. इलेक्ट्रिशियनचा पोरगा विशीतला होता, पण त्याने छान समजावलं. घरचा छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा, गाडीचा धरा १००. फार फरक नाही. पण घरात २३० व्होल्ट आहेत, तेव्हा अँपिअरचा तिसरा हिस्सा पुरतो. इथे बॅटरी १२ व्होल्टची, त्यामुळे तेवढ्याच कामाला आठ अँपिअर लागतात. पंचवीसपट. सुरू होताना तर क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. बारीक तार लावली तर रेडिएटर गार राहील आणि तार तापेल.

म्हणून रिले. रिले म्हणजे काड्यापेटीएवढा काळा डबा. तापमानाच्या नाजूक स्विचला एवढा मोठा प्रवाह झेपत नाही, तो फक्त रिलेला इशारा करतो आणि रिले आतल्या आत 'टक्' करून मोठा प्रवाह सोडतो. अण्णांनी हे ताबडतोब ओळखलं. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस. "साहेब घंटी वाजवतो आणि कपाट शिपाई सरकवतो," ते म्हणाले. त्या डब्याच्या बुडाशी पायांचे नंबर कोरलेले असतात, ३०, ८५, ८६, ८७. मधले कुठे गेले, असं मी विचारलं. पोरगा म्हणाला, हे आकडे जर्मन लोकांनी ठरवलेत, मधले गाडीच्या दुसऱ्या कामांना दिलेत. ३०ला बॅटरी, ८७ला पंखा, ८५-८६च्या मध्ये वेटोळं. एवढं कळलं की जगातली बहुतेक गाडी कळते, असंही तो म्हणाला. मला वायपरसुद्धा कळत नाही, पण ८७ला पंखा हे आता मी मेल्यावरही विसरणार नाही.

रेडिएटरच्या खालच्या टाकीला बूश डाग देऊन बसवला, त्यात तापमानाचा स्विच पिळला: ९२ अंशांना चालू, ८७ला बंद. डॅशबोर्डखाली आकडेवाला गोल मीटर लावला. सगळं जुळलं आणि इंजिन चालू करून आम्ही चौघं गाडीसमोर रांगेत उभे राहिलो. सुई ७० वर आली. ८० वर आली. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तशी शांतता. ९० वर आली. मग 'टक्', आणि मागोमाग घूंऽऽ करून पंखा सुरू झाला. मिस्त्रींनी अण्णांशी हस्तांदोलन केलं. पेढे आणायला कोणाला तरी पाठवलंसुद्धा.

सुई ९५ वर गेली. मग ९८ वर.

मिस्त्री पोराकडे बघायला लागले. पोरगा रिलेकडे. अण्णा कुठेच बघत नव्हते. त्यांनी टपरीवरचा वर्तमानपत्राचा ताव उचलला, जाळीसमोर धरला आणि सोडला. तो जाळीला चिकटायला हवा होता. तो उडाला आणि अण्णांच्या तोंडावर बसला. पंखा उलटा फिरत होता. मोटरच्या दोन तारांची अदलाबदल झाली होती, एवढंच. या मोटरचं तेवढ्यावरच असतं, तारा फिरवल्या की दिशा फिरते. आतली गरम हवा तो निष्ठेने पुढून बाहेर ढकलत होता. म्हणजे गाडीला नव्हे, आम्हाला वारा घालत होता. तोंडावरचा कागद बाजूला करत अण्णा म्हणाले, "पंखा चांगला आहे. खोली चुकली."

तारा बदलल्या. कागद जाळीला चिकटला. सुई ९२, ९१, ८९ करत उतरली आणि ८७ ला पंखा आपला आपण थांबला. अण्णांनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने त्यांनी आमच्यापैकी कोणाकडे कधी पाहिलेलं नाही. खोली गार झाल्यावर सांगितल्याशिवाय बंद होणारा पंखा! असा मुलगा त्यांना हवा होता.

तरीही त्यांनी विचारलंच, "बटण कुठाय?"

"ऑटोमॅटिक आहे काका. बटण नसतंय."

"ऑटोमॅटिक असू दे. पण बटण पाहिजे. पंख्याला बटण नाही असं कसं?"

मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. चालू करायचं बटण देता येईल, म्हणाले, त्याने बिघडत नाही. पण काकांना बंद करायचं बटण पाहिजे, आणि भर ट्रॅफिकमध्ये काकांनी काटकसर केली तर हेड गॅस्केट उडेल. मग दोघांच्या संमतीने एक पाप झालं. डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, अण्णांचा हात पोचेल असं एक सुंदर पितळी बटण लागलं आणि त्याला फक्त एक छोटा हिरवा दिवा जोडला गेला. पंख्याशी त्या बटणाचा संबंध देवाच्या फोटोइतकाच.

पहिल्या लांबच्या फेरीला साताऱ्याला निघालो. हायवेला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की काहीतरी हरवलंय. तो आवाज! जुना पंखा चढत्या इंजिनाबरोबर असा काही गर्जायचा की गाडी ६० ने जात असली तरी विमान उडाल्याचं समाधान मिळे. आता नुसती शांतता. बायको मागून म्हणाली, "किती छान वाटतंय, नाही?" छान कसलं? आवाज होता तोवर पंखा चालू आहे याची खात्री होती. आता पंखा गरज नाही म्हणून बंद आहे की जळाला म्हणून बंद आहे, हे कसं ओळखायचं? पन्नास-साठच्या पुढे त्याची गरज पडत नाही हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि खंबाटकी चढणं वेगळं. मी रस्ता सोडून मीटरकडे बघत होतो, अण्णा मीटरकडे बघत होते, आणि बायको आम्हा दोघांकडे बघत होती. ८६. ८९. ९१. घाटाच्या निम्म्यावर एका ट्रकमागे अडकलो आणि पुढून घूंऽऽ ऐकू आलं. मला इतका आनंद झाला की मी हॉर्न वाजवला. ट्रकवाल्याने बाजू दिली. तो बिचारा काय समजला कोण जाणे.

वर पोचल्यावर सुई उतरायला लागली. अण्णांनी सावकाश हात पुढे केला, पितळी बटण दाबून दिवा बंद केला आणि बरोबर त्याच सुमारास पंखा थांबला. "बास झालं त्याला," ते म्हणाले. मी समोर बघत राहिलो.

अण्णांची एक हिशेबाची वही आहे. १९८४ पासून गाडीत गेलेला प्रत्येक लिटर तीत आहे. सहा महिन्यांनी त्यांनी निष्कर्ष काढला: पूर्वी लिटरला १२, आता १२.४. मी म्हटलं, बघा, फायदा झाला. त्यांनी पान उलटलं. पंखा, ऑल्टरनेटर, ब्रॅकेट, रिले, वायरिंग, रॉडिंग, पेढे मिळून ११,४०० रुपये. गाडी वर्षाला फिरते दीड हजार किलोमीटर. वाचलं चार लिटर पेट्रोल, म्हणजे ४२० रुपये. "सत्तावीस वर्षांत पैसे वसूल," अण्णा शांतपणे म्हणाले. "मी तेव्हा १११ वर्षांचा असेन. त्यानंतर निव्वळ नफा."

खरा पेचप्रसंग मात्र वेगळाच होता आणि तो सोसायटीच्या वॉचमनने उघडकीला आणला. वैशाखातल्या एका संध्याकाळी गाडी लावून मी वर आलो, शर्ट काढतोय तोवर इंटरकॉम वाजला.

"साहेब, गाडी चालू राहिलीय तुमची."

"बंद आहे. पंखा चालू असेल, होईल बंद दोन मिनिटांत."

"म्हणजे गाडी बंद हाय?"

"हो."

"चावी?"

"माझ्याकडे."

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "मंग साहेब, चालवतंय कोण?"

त्याला काय सांगणार? इंजिन बंद केलं तरी त्याचं तापलेलं लोखंड पाण्याला उष्णता देत राहतं, आणि इलेक्ट्रिशियनच्या पोराने पंख्याची जोडणी मुद्दामच थेट बॅटरीवरून केली होती, म्हणजे गाडी बंद झाल्यावरही पंखा आपलं काम पुरं करूनच थांबेल. गाडीच्या दृष्टीने हे उत्तमच. पण मी वळून पाहिलं तर अण्णा दारात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गाडीत माणूस नाही, इंजिन बंद, चावी तिसऱ्या मजल्यावर, आणि पंखा चालू.

ते काही न बोलता चपला घालून खाली गेले. मी मागोमाग. त्यांनी दार उघडून पितळी बटण दाबलं. हिरवा दिवा विझला. पंखा चालूच. पुन्हा दाबलं. दिवा लागला. पंखा चालूच. माझ्या कपाळाला घाम आला आणि मी बटणाचं काय ते सांगून टाकायला तोंड उघडलं.

"माहितीय मला," अण्णा म्हणाले. "पहिल्याच दिवशी खाली वाकून तार बघितली मी. दिव्याला गेलीय नुसती."

"मग बोलला नाहीत ते?"

"तो पोरगा किती मन लावून बसवत होता. आणि दिवा बरा दिसतो."

मिनिटभराने पंखा थांबला. वॉचमनने नकळत नमस्कार केला. अण्णांनी गाडीकडे एकदा वर, एकदा खाली पाहिलं, दार लावलं आणि ते जिना चढायला लागले.

तेव्हापासूनची पद्धत ठरून गेली आहे. बाहेरून आलो की मी पिशव्या घेऊन वर येतो, बायको चहा टाकते. अण्णा येत नाहीत. ते पुढच्या सीटवर, काच खाली करून, हातात टोपी घेऊन बसून राहतात. वॉचमनही आता खुर्ची ओढून शेजारी येऊन बसतो. चहा गाळून होतो, कपावर बशी झाकली जाते. मी गॅलरीतून वाकून विचारतो, "अण्णा, झाला का बंद?"

खालून वर न बघता उत्तर येतं, "अजून नाही. तुम्ही घ्या."